हात लावून बघू द्या की!

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत स्मरणशक्तीवर जो लेख आला तो दुकानात गादीवर बसून वाचला, दोनदा वाचला कारण दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. लेख चांगलाय, तक्रार नाही. खरं त्यात सगळं डोळ्याचंच, चित्र डोळ्यासमोर आणा, रंगीत पेनानं खुणा करा, भिंतीवर तक्ते लावा, हाताचं नाव एकदा पण नाही. म्हणून हे पत्र. बेळगावातून पत्र म्हटल्यावर तुम्हाला वाटलं असेल आता सीमाप्रश्न नाहीतर गल्लीतले खड्डे, तसं काही नाही, हे लुगड्याचं पत्र आहे.

मी शहापुरात कापड विकतो. १९८९ साली दहावी करून एका मोठ्या दुकानात घड्या घालायला लागलो, पुढं काही वर्षांनी स्वतःचं छोटं दुकान टाकलं. म्हणजे पस्तीसेक वर्षं रोज बायकांचे हात बघतोय, चुकीचा अर्थ घेऊ नका, कापडावर फिरणारे हात म्हणतोय. आणि एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली, गिऱ्हाईकानं जी साडी हातात घेतली ती त्याच्या डोळ्याला महिनोन्‌महिने ओळखू येते, आणि जी नुसती लांबून बघितली ती दुकानाची पायरी उतरेपर्यंत विसरलेली असते.

मागच्या उन्हाळ्यात खानापूरकडच्या एक मावशी लेकीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आल्या होत्या. सोबत सात-आठ माणसं, गादीवर साड्यांचा ढीग. अकरा साड्या घेतल्या आणि एक मोरपंखी इरकल बराच वेळ मांडीवर ठेवून, पदर चोळून, परत चोळून, शेवटी बजेटात बसेना म्हणून बाजूला सारली. गणपती झाल्यावर त्या एकट्याच आल्या. "अण्णा, ती साडी हाय का ओ अजून?" मी म्हटलं मावशी कुठली, इथं रोज शंभर साड्या उलगडतोय. तरी मोरपंखीतल्या गोमी काठाच्या तीन काढून समोर टाकल्या, तिन्ही एकाच रंगाच्या, मला स्वतःला लेबल बघितल्याशिवाय सांगता आलं नसतं. मावशी अजून चप्पल काढत होत्या. तिथनंच बोट दाखवून म्हणाल्या, "ही नव्हं, ती मधली." लेबलावर मी पेन्सिलीनं लिहिलेला उन्हाळ्यातला भाव होता, तीच साडी. बाकीच्या दोन श्रावणात आलेल्या. हात न लावता ओळखली बघा, खरं ओळखता आली ती हात लावला होता म्हणून, असं माझं म्हणणं.

याउलट व्हॉट्सॲपची गिऱ्हाइकं. मी फोटो पाठवतो, ते अंगठा दाखवतात, चार दिवसांनी दुकानात येतात आणि तीच साडी समोर ठेवली की "ही न्हाई, फोटोतली वेगळी होती." आता यात मोबाईलच्या स्क्रीनवर रंग बदलतो हे पण आहेच, सगळा दोष त्यांच्या आठवणीवर टाकणं बरोबर नाही. तरी काठ तोच, बुट्टा तोच, आणि माणूस अनोळख्यासारखा बघतोय हे मी शेकडो वेळा बघितलंय.

मराठीत आपण म्हणतो काय, "हात लावून बघ." बघायचं काम डोळ्याचं, मग हात कशाला मधे आणला? खरं तोंडातनं तेच येतं. आणि गंमत म्हणजे आमच्याकडं कन्नड गिऱ्हाइकं पण हेच म्हणतात, "मुट्टि नोडु", मुट्टि म्हणजे शिवून आणि नोडु म्हणजे बघ. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना हाताला डोळे असतात हे ठाऊक होतं असं म्हणायला हरकत नाही.

आता मी शास्त्रज्ञ नाही. आमची मुलगी धारवाडला सायकॉलॉजीत एम.ए. करतेय, सुट्टीला आली की दुकानात बसते, तिला हे सगळं सांगितलं तर म्हणाली, "पप्पा, यावर लोकांनी आख्खं आयुष्य घालवलंय." आणि मग तिनं जे सांगितलं ते ऐकून मी गार पडलो. सुझन लेडरमन आणि रॉबर्टा क्लाट्स्की म्हणून दोन संशोधक बाया, त्यांनी १९८७ साली लिहून ठेवलंय की माणसाचा हात वस्तूवर उगाच कसाही फिरत नाही, जे जाणून घ्यायचंय त्याप्रमाणं ठरलेल्या हालचाली करतो. पोत कळायला बोट मागं-पुढं घासायचं, कडक-मऊ कळायला दाबायचं, गार-गरम कळायला नुसता हात ठेवायचा, वजन कळायला उचलून तोलायचं, आकार मुठीत घेऊन, आणि बारीक आकार पाहिजे असेल तर कडेकडेनं बोट फिरवत जायचं.

साहेब, हे माझ्या गादीवर रोज चालतं! मावशीबाई आधी तळहात साडीवर नुसता टेकवतात, कॉटन आहे का भेसळ हे गारव्यावरनं कळतं. मग अंगठा आणि तर्जनीत धरून चोळतात, खळ किती आहे ते बघायला. मग एक कोपरा मुठीत गच्च आवळून सोडतात, चुण्या राहतात का बघतात. मग घडी दोन्ही हातांवर घेऊन वरखाली, वजन. आणि ज्यांना खरंच कळतं त्या शेवटी काय करतात माहितेय का, इरकलचा पदर जिथं अंगाला जोडलेला असतो ना, तिथं बोट नेतात. अस्सल हातमागाच्या इरकलला अंगाचा सुताचा ताणा (म्हणजे उभे धागे) वेगळा आणि पदराचा रेशमी ताणा वेगळा, आणि दोन्ही धागे एकमेकांत अडकवून जोडतात, त्याला कोंडी म्हणतात. डोळ्याला तिथं नुसती रंगाची रेघ दिसते. बोटाला मात्र बारीक उंचवटा लागतो, मुंगीची रांग असावी तसा. आमच्या जुन्या मालकांनी मला पहिल्याच आठवड्यात डोळे मिटून तो शोधायला लावला होता, अन् एकदा बोटाला सापडला की नंतर लांबूनच दिसायला लागतो! आधी दिसतच नव्हता, तीच साडी, तेच डोळे. आता रस्त्यावरनं जाणाऱ्या बाईच्या खांद्यावरचा पदर बघून सांगतो हातमाग का पावरलूम, बायको म्हणते बघू नका असं लोकांच्या अंगाकडं.

मुलीनं अजून एक सांगितलं. जर्मनीत २०१८ साली हुटमाखर आणि कुबांडनर यांनी लोकांच्या डोळ्यावर पट्टी बांधून त्यांच्या हातात एकामागून एक १६८ वस्तू दिल्या, रोजच्या घरातल्या, प्रत्येक वस्तू १० सेकंद. नंतर त्याच जातीच्या दोन वस्तू पुढं ठेवून विचारलं मघाची कुठली. १०० पैकी ९४ वेळा बरोबर! आठवड्यानं परत विचारलं तरी फार घसरले नाहीत. पण मला पटला तो पुढचा भाग. दुसऱ्या लोकांना लक्षात ठेवा असं सांगितलंच नव्हतं, नुसतं हाताळा म्हटलं, आणि आठवड्यानं अचानक परीक्षा, ती पण काहींची नुसत्या डोळ्यानं. म्हणजे वस्तू कधी बघितलेलीच नाही, फक्त शिवलेली, आणि आता फक्त बघायची, शिवायची नाही. अंदाजानं ठोकलं तर निम्मी बरोबर येणार, त्यांची त्याच्या बरीच वर आली. खानापूरच्या मावशींचं मला तेव्हा कोडं सुटलं.

मेंदूत पण याचा पत्ता लागलाय म्हणे. डोक्याच्या मागच्या बाजूला बघण्याचा जो भाग आहे त्यात एक जागा अशी की वस्तू बघितली तरी जागी होते आणि डोळे मिटून नुसती चाचपली तरी जागी होते, २००१ साली आमेदी आणि त्याच्या सोबतच्यांनी दाखवलं. म्हणजे हाताचं आणि डोळ्याचं गोडाऊन काही प्रमाणात एकच, दोन दारं. हे गोडाऊन माझं आहे, मुलगी म्हणाली असं सोपं करून सांगू नका, खरं मला असंच समजलं.

घरात आम्ही पण करून बघितलं. टॉवेल बांधून एकेकाला कापडाचे १२ तुकडे हातात दिले, मग टॉवेल सोडून २४ तुकड्यांतनं ओळखायचे. मला वाटलं मी जिंकणार, पस्तीस वर्षं धंदा. बायकोचे ११ बरोबर आले, माझे ९. मुलीनं लगेच सांगितलं की याला प्रयोग म्हणत नाहीत, चहा पिताना केलेली मजा म्हणतात, पेपरात लिहू नका. लिहिलं.

आता हात म्हणजे देव असं पण नाही. रंगाचं हाताला काय कळतंय? एकदा घाईत लाईट गेलेली असताना नुसता पोत बघून मोरपंखीच्या जागी रामा रंगाची साडी पॅक करून दिली, ती बाई दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन जे बोलली ते छापता येणार नाही. आणि डोळा-हात भांडायला लागले तर बहुतेक वेळा डोळाच जिंकतो म्हणे, १९६४ साली रॉक आणि व्हिक्टर यांनी लोकांना चौकोन हातात दिला आणि आकार चेपून दाखवणाऱ्या भिंगातनं तोच बघायला लावला, तर लोकांनी डोळ्याला जे दिसलं तेच खरं मानलं, हात वेगळं सांगतोय हे बऱ्याच जणांच्या ध्यानात पण आलं नाही. आमच्या गोकाकची लाकडी फळं ज्यांनी बघितलीत त्यांना कळेल. टोपलीत ठेवलेली केळी, आंबा, सीताफळ, लांबून खाऊशी वाटतात. लहानपणी काकांकडच्या टोपलीतला आंबा मी उचलला तर हात एकदम वरच गेला, एवढा हलका! मनानं वजन आधीच धरलेलं होतं ना. त्यानंतर मात्र कुठल्याही शोकेसमधलं गोकाकचं फळ मला काचेबाहेरूनच हलकं दिसतं. हलकं दिसतं असं म्हणता येतं का माहीत नाही, खरं दिसतं.

ही हात आणि डोळ्याची ओळख जन्मतः असते का नंतर होते, हा प्रश्न फार जुना आहे. डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यू यानं १६८८ साली जॉन लॉक या विचारवंताला पत्र लिहून विचारलं होतं (बघा, पत्र लिहिणारे तेव्हापासून आहेत) की जन्मापासून आंधळ्या माणसाला हातानं ठोकळा आणि गोळा वेगळा ओळखता येतो, उद्या त्याला दिसायला लागलं तर नुसतं बघून तो सांगेल का कुठला ठोकळा आणि कुठला गोळा? मॉलिन्यूची स्वतःची बायको लग्नानंतर आंधळी झाली होती, त्यामुळं हा नुसता बसल्या बसल्या सुचलेला प्रश्न नसावा असं मला वाटतं. याचं चांगलं उत्तर मिळायला तीनशेच्या वर वर्षं गेली आणि ते आपल्या देशात मिळालं. पवन सिन्हा यांच्या प्रोजेक्ट प्रकाशमध्ये दिल्लीत जन्मांध मुलांची ऑपरेशनं करून दृष्टी देतात, त्यातल्या ५ मुलांवर केलेला अभ्यास २०११ साली छापून आला. पट्टी सुटल्यावर लगेच बघितलं तर हातानं हाताळलेला ठोकळा मुलांना डोळ्यानं ओळखता आला नाही, जवळजवळ अंदाजच. खरं थोड्याच दिवसांत, कुणी शिकवलं नाही तरी, यायला लागलं. म्हणजे ओळख आपोआप नसते, वापरानं होते, आणि वापरायला मिळालं की पटकन होते. हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यातनं ती मुलं जात नाहीत. बघायला मिळालं तरी आधी काही दिवस हात लावून लावून जग परत जुळवत बसली असतील.

आता मूळ मुद्द्यावर येतो नाहीतर तुम्ही पत्र कापणार.

मी कन्नड लिहायला-वाचायला शिकलो ते दुकानात. घरी मराठी, शाळा मराठी, शाळेत कन्नड होतं खरं मी पाठ करून पास झालो. दुकानात बिलं लिहायची वेळ आली तेव्हा आमच्या जुन्या दिवाणजींनी शिकवलं, वही-पेन नाही, मखमलीचा तागा. मखमलीवर बोट उलटं फिरवलं की लव उभी राहते आणि अक्षर गडद उमटतं, तळवा फिरवला की पुसलं. धूळपाटीच म्हणा, मखमलीची. ते एकदा काढून दाखवायचे, पुसायचे, मग मी आठवून काढायचो. कन्नडचे द, ध, थ सगळे सारखेच गोल, एखादी दांडी, एखादं टिंब एवढाच फरक, पुस्तकात बघून मी कायम फसायचो. मखमलीवर पंधरा दिवसांत बसले. आजही बसच्या पाटीवर 'ध' दिसला की बोटाच्या टोकाला खालची दांडी जाणवते, खोटं नाही सांगत. फ्रान्समध्ये २००५ साली लहान मुलांवर झालेल्या अभ्यासात पण असंच काहीसं दिसलं, अक्षर हातानं लिहून शिकलेल्या मुलांना, विशेषतः जरा मोठ्यांना, नंतर ते बघून जास्त चांगलं ओळखता आलं, कीबोर्डवर टाईप करून शिकलेल्यांपेक्षा. आणि अमेरिकेत २०१२ साली झालेल्या अभ्यासात नुसत्या ठिपक्यांवरनं गिरवणाऱ्या मुलांच्या मेंदूत, नंतर अक्षर बघताना, स्वतः लिहिणाऱ्यांइतकी हालचाल दिसली नाही, हे आमच्या बालवाडीच्या बाईंनी जरूर वाचावं. आमच्या भागातल्या पोरांना तर मराठी, कन्नड, इंग्लिश अशा तीन लिप्या, त्यांना हाताची गरज तिप्पट. मोबाईलनं आठवण जाते असं मी म्हणत नाही, मुलगी म्हणाली तसं ठोकून देऊ नका. काचेवर सगळं एकसारखं गुळगुळीत लागतं एवढंच म्हणतोय, आंबा पण गुळगुळीत आणि फणस पण गुळगुळीत.

आणि हे पत्र लिहायचं खरं कारण. परवा एका शाळेत प्रदर्शन होतं, नाव सांगत नाही, शिक्षक मंडळी सगळी ओळखीची. जुन्या वस्तू मांडलेल्या, जातं, पाटा-वरवंटा, सूप, अडकित्ता, खानापूरची मातीची भांडी, चरखा, इरकल आणि गुळेदगुड्डच्या खणाचे तुकडे, हे तुकडे मीच दिलेले. फार कष्ट घेऊन मांडलं होतं. आणि प्रत्येक टेबलावर लाल अक्षरात, मराठीत आणि कन्नडमध्ये, हात लावू नये. मुलं रांगेनं दोन्ही हात मागं बांधून चाललेली. एक दुसरीतला पोरगा जात्यापाशी थांबला, हळूच खुंटा धरला, आणि मॉनिटरनं त्याच्या हातावर फूटपट्टी मारली. जातं साहेब! शंभर वर्षं दळून जे झिजलं नाही ते दुसरीतल्या पोरानं झिजणार होतं? संध्याकाळी मी दारात उभं राहून बाहेर येणाऱ्या चार-पाच पोरांना सहज विचारलं काय काय बघितलं. एकानं सूप सांगितलं, एकानं "लई वस्तू होत्या" सांगितलं. तो मार खाल्लेला पोरगा म्हणाला, "जात्याचा खुंटा गार होता आणि तो हलत होता, आणि जात्याला वर खळगा असतो त्यात दाणे टाकतात, आणि एका बाजूला तडा गेलाय." तडा मला पण दिसला नव्हता, मी परत आत जाऊन बघितला.

शाळांना, प्रदर्शन भरवणाऱ्यांना विनंती एवढीच की नाजूक वस्तू खुशाल काचेत ठेवा, एक टेबल मात्र हात लावायचं ठेवा. फुटकं मडकं ठेवा, जुनं सूप ठेवा, काही बिघडत नाही. कापडाचे तुकडे पाहिजे असतील तर माझ्याकडं पोतं भरून पडलेत, मखमलीचे पण आहेत, फुकट देतो. फक्त न्यायला येताना पोरांचे हात धुऊन आणा, दारातच पांढऱ्या पदराच्या साड्या ठेवल्यात.

आपला,
एक कापडवाला
शहापूर, बेळगाव